धोंडाबाईची हरळी

हरळी उपटून उपटून अख्ख्या गुंजवण्यातल्या बायकांची नखं झिजलेली. आणि एका उन्हाळ्यात भरल्या पाणवठ्यावर धोंडाबाईनं सांगून टाकलं, "औंदा म्या परड्यात हरळी लावणार हाय."

बायकांच्या घागरी भरून वाहू लागल्या, तरी कुणाचं ध्यान नाही.

"अगं बया!" बनाबाईनं हनुवटीला हात लावला. "मंग पुढल्या साली उंदरं पाळ, कणगीत!"

सगळ्या खिदळल्या. धोंडाबाई हसली नाही. तिनं घागर डोईवर घेतली आणि लंगडत लंगडत चढ चढून गेली.

हे लंगडणं मागच्या दिवाळीचं. राजगडाच्या पायथ्याला गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना पाय सटकला आणि कंबर धरली ती धरलीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकी आपापल्या घरी. दाराशी होती ती टिकली म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. दूध बेताचंच, पण धोंडाबाईच्या पायाचा आवाज ओळखून रेकायची. तिच्या वैरणीसाठी डोंगर चढणं आता होत नव्हतं. म्हणून हा हरळीचा घाट.

अडचण होती ती गेनबाची. गेनबा तिचा धाकटा दीर. घरामागचं परडं दोघांत सामाईक, आणि तेही केवढं? लग्नाची एक पंगत बसली की गुरं बांधायला जागा उरू नये. गेनबाला तिथं भात मळायला खळं करायचं होतं. गेनबाची बोलायची तऱ्हा अशी, की प्रश्न तोच विचारणार आणि उत्तरही तोच देणार. समोरच्यानं नुसतं उभं राहायचं.

"वयनी, म्हस काय खाती? गवात. गवात कुठं हाय? डोंगरावं. डोंगरावं कोन जातं? तुमी. तुमाला जाववतं का? न्हाई. मंग म्हस ठिवून करायचं काय? कायबी न्हाई! इका तिला, आन परडं द्या खळ्याला."

"परड्यात गवात लावते म्या."

"लागलं का आजवर? न्हाई."

"दसऱ्याला बघा. हिरवं दिसलं तर परडं टिकलीचं. न्हाई दिसलं तर म्हस इकते, खळं तुमचं."

गेनबानं मान डोलावली.

आता बैल पाहिजेत. बैल कुंडलिकाचे. नुसते बैलच नव्हेत, बैलांमागं जुंपायचं जेवढं म्हणून गावात होतं तेवढं बहुतेक त्याच्या पडवीत. लाकडी नांगर, ढेकळं फोडायचा कुळव, चिखल सारखा करायची फळी, आणि कोपऱ्यात तेल लावून झाकून ठेवलेला लोखंडी नांगर, भोरच्या बाजारातून गाडीत घालून आणलेला. कुंडलिक बैलांशी आणि माणसांशी एकाच दमात, एकाच सुरात बोलायचा. नवखा माणूस दचकायचा.

"या काकी… सर रं मागं, शिंग लागंल… बसा की… शेपूट आवर!... काय जुंपायचं बोला. लोखंडी काढू का?"

धोंडाबाईनं एकेक औत हात लावून पाहिलं. आयुष्य गेलं भातखाचरात. जमीन तयार करायची म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाणी साठवायचं, नांगरानं चिखल करायचा, वर फळी फिरवायची, मग लावणी.

"लाकडी नांगर आन फळी," ती म्हणाली. "भाताला करतो तसंच."

"झ्याक! भात पिकतो तितं हरळीला काय धाड भरली?" कुंडलिकानं लगेच मान्य केलं. सगळं गाव भाताचं. दुसरं कुणाला सुचणार?

आषाढात परड्याच्या कडेनं बांध घातला, पाणी तुंबलं, आणि चिखलणी झाली ती अशी, की खाचराला लाज वाटावी. फळीवर कुंडलिक उभा, बैल पोटापर्यंत माखलेले. चिखल लोण्यासारखा झाला. वाकता येत नव्हतं तरी धोंडाबाईनं खाली बसून, सरकत सरकत हरळीची मुळं लावली.

पाणी साचून राहिलं. मुळं आधी पिवळी पडली, मग काळी, मग सडली. पुढं उघडीप पडली, ऊन तापलं आणि परडं वाळलं. वाळलं म्हणजे कसं? गुळगुळीत, सपाट, टणक. गेनबा आला, वहाणा काढल्या, टाचेनं ठोकून पाहिलं. ठण्! त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगावं.

"वयनी! हे काय झालं? खळं झालं! कुनी केलं? तुमी केलं! म्या केलं असतं तर असं झालं असतं का? न्हाई!" आणि तो चारी कोपऱ्यांत टाचा आपटत फिरला. "नुसतं शेनानं सारवायचं ऱ्हायलं!"

पाणवठ्यावर दोन दिवस दुसरी बातमी नव्हती. धोंडाबाईला पाहिलं की बनाबाई टाच आपटून "ठण्" म्हणायची.

धोंडाबाई रडलीबिडली नाही. टिकलीला बांधाबांधानं चारत होती, आणि बांधावर पाहते तर काय, हरळी ही माजलेली! बांधावर आहे, वरच्या नाचणीच्या पट्टीत आहे. आणि दोहोंच्या मधे खाचर, चिखलणी केलेलं. तिथं हरळीची काडी नाही.

ती उभ्या उभ्या थबकली. खाचरात हरळी राहू नये, कुजून मरावी, म्हणून तर जन्मभर चिखलणी केली! आणि तीच चिखलणी हरळीला? तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. टिकलीनं मान वर करून पाहिलं.

"तू खा," धोंडाबाई म्हणाली. "अक्कल मला आली."

तशीच ती कुंडलिकाच्या पडवीत गेली.

"पुन्यांदा?" कुंडलिक ओरडला. "काकी, लोक हसत्यात… काय बघतो रं, खा गुमान… तुमाला न्हाई, काकी, पाखऱ्याला."

"हसू दे. नाचणीला काय जुंपतोस ते जुंपायचं. नांगर, मंग कुळव. फळीला हात लावायचा न्हाई. आन बांध आधी फोडायचा, पानी उतारानं गेलं पायजे."

"लाकडी नांगर घुसायचा न्हाई त्या फरशीत."

"मंग लोखंडी. पन उथळ धर. खालचा मुरूम वर आला तर तुलाच खायला घालीन."

"आज येऊ?"

"आज न्हाई. पाऊस होऊ दे. माती हाताला चिकटायची थांबली, की म्या हाळी देते."

श्रावणसर आली, गेली. धोंडाबाई रोज सकाळी मूठभर माती दाबून पाहायची आणि पुन्हा टाकून द्यायची. मग एका सकाळी दाबलेला गोळा बोटानं टोकरला आणि भुसभुशीत सुटला. तिनं अशी हाळी दिली, की वरच्या आळीतली कुत्री भुंकू लागली.

लोखंडी नांगरानं गेनबाचं खळं उलथलं. गेनबा दारातून पाहत होता, जणू त्याच्याच पाठीवरून नांगराचं तास निघतंय. मग कुळव आला. पण ढेकळं अशी चिवट, की तो वरूनच उड्या मारत जाई.

"वजन पायजे," कुंडलिक म्हणाला. "धोंडा बांधू का?"

"धोंडा कशाला, धोंडाबाई हाय की!" ती म्हणाली, आणि पदर खोचून कुळवावर बसली. कुंडलिक नको नको म्हणेपर्यंत बैल चालू लागले. दर ढेकळागणिक कंबरेतून कळ यायची, आणि दर कळेगणिक ती "हाण" म्हणायची. पहिल्यांदा हसणारी बनाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "धरून बस गं, बाई."

शेवटी करवंदीची काटेरी जाळी तोडून बैलांमागं बांधली आणि तीच फिरवली. राहिलेली ढेकळं फुटली, माती दबली मात्र नाही. कुंडलिक बैलांची क्षमा मागत होता. "काय करनार रं, पाखऱ्या, काकीपुढं आपलं चालतंय का?"

नाचणीतलं तण काढायची बेणणी चालू होती. हरळीचा तोटा नव्हता. बायका येता-जाता टोपल्याच्या टोपल्या परड्यात ओतू लागल्या आणि धोंडाबाई बसल्या बसल्या मुळं मातीत दाबू लागली. कटकट गेली म्हणून सगळ्या खूश. गेनबाची बायको फुलाबाई हिनं तर नवऱ्याची पाठ वळलेली पाहून दोन टोपल्या टाकल्या.

दसऱ्याला गेनबा सोनं द्यायला आला, तो परड्याच्या तोंडाशीच थांबला. हिरवं. कडेपासून कडेपर्यंत हिरवं, आणि मधोमध टिकली, मान खाली घालून, कुणाकडं न बघता.

गेनबानं सवयीनं टाच आपटून पाहिली; ठण् वाजलं नाही. मग धोंडाबाईच बोलली, अगदी त्याच्याच सुरात, मान तशीच हलवत.

"भावजी, हे काय हाय? हरळी. कुनाची? टिकलीची. म्हस इकायची का? न्हाई!"

आतून फुलाबाईचं हसू फुटलं. गेनबानं आपट्याची पानं वहिनीच्या हातावर ठेवली, पायाशी वाकला आणि उठता उठता रडवेल्या आवाजात म्हणाला, "मंग आता खळं म्या करू कुठं?"

"कुठंबी करा. चिखलणी करा, फळी मारा, आन वर हरळी लावा," धोंडाबाई म्हणाली. "आपसूक व्हतं."