थर्लो पेटिसची खुर्ची

मस्कोगी गावच्या क्लिओथा बास्कमच्या बँडात चौदा माणसं, पण सुरांचा कागद एकही नव्हता. बसमध्ये कुणी गुणगुणायचा, दुसरा त्याला शेपूट जोडायचा. पुढचं गाव येईतो गाणं तयार. कुणी कधी काय वाजवायचं, ते सगळं थर्लो पेटिसच्या टकलात. हा दुसरा ट्रॉम्बोनवाला, म्हणजे लांब पितळी नळी पुढंमागं सरकवत फुंकणारा. पंधरा वर्षं मागच्या रांगेत बसून होता, एकट्यानं उठून कधी वाजवलं नाही. कुणी चुकायला लागला की दातांतल्या दातांत म्हणायचा, "आता वर जा, गाढवा." बास्कमला या कारभाराचा पत्ताच नव्हता. तो पुढं उभा राहून लोकांकडं बघून हसायचा.

छत्तीस सालच्या जूनच्या मध्याला बास्कमनं तुल्साहून केसांना तेल चोपडलेला ट्रॉम्बोनवाला आणला.

"थर्लोदादा, तू दमलास आता."

"दमायला काय झालं? बसूनच तर वाजवतो!"

पण खुर्ची गेली. बायको ओझेला म्हणाली, "बरं झालं. भेंडी खुरपायची राहिलीय." थर्लो खुरपायला गेला, तर खुरप्याचा दांडा आपला पुढंमागं सरकवतोय.

जूनच्या एकोणीसला, काळ्यांची गुलामी सुटल्याच्या सणाला, भर दुपारी मैदानात दोन बँडांची झुंज लागली. बास्कमची मंडळी झकास उठली. नाचणाऱ्यांनी धुरळा उडवला. पण गाणं संपंना! थर्लोनं ट्रॉम्बोनवर खालच्या पट्टीत एक डरकाळी फोडली की सगळ्यांनी शेवटाकडं वळायचं, अशी रीत. नव्या गड्याला ती ठाऊक नव्हती. बास्कमनं हात वर केला, पण त्याच्या हाताकडं बघायची सवय कुणाला?

अकरावा फेरा झाला. ढोलवाल्याची जीभ बाहेर आली.

"ह्यो नाच हाय का शिक्षा?" एक म्हातारी ओरडली.

मैदानाच्या कडेला थर्लोशेजारी बसून भाजलेली बरगडी चोखत ओझेला म्हणाली, "जावा की! मरतील बिचारी."

"मरू देत. खुर्ची काढली माझी."

तेवढ्यात बास्कम कडेला आला. तोंडावर हसू, डोळ्यांत पाणी. "थर्लोदादा, संपव रं बाबा!"

"खुर्ची?"

"तुझीच! माझीबी घे!"

थर्लोनं कलिंगडाच्या बिया थुंकल्या, तोंडाला दोन्ही हात लावले आणि अशी डरकाळी फोडली की चौदाच्या चौदा जण एका दमात थांबले.

झुंज समोरच्यांनीच जिंकली म्हणा. पुढं बास्कम गेला, बँडही मोडला. पण तसली डरकाळी पार कॅन्सस सिटीपर्यंत पोरं वाजवायला लागली. 'बास्कमचा शेवट' म्हणायची तिला.

ओझेला चिडायची, "नाव त्याचं कसं? डरकाळी तुमची!"

"असू दे," थर्लो म्हणायचा, "त्याला उभंच राहावं लागलं जन्मभर. मी बसलो."