तटातला उंबरठा

रोज सकाळी अबीताल यरुशलेमच्या तटाखालची हातभर जागा झाडायची आणि तटातला एक दगड ओल्या फडक्याने पुसायची. तो दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता. एकेकाळी तो तिच्या घराचा उंबरठा होता.

तिची लेक तिर्सा चिडायची. "आई, हा राजाचा तट आहे, तुझी न्हाणी नव्हे."

अश्शूरचं सैन्य चालून येतंय म्हणून हिज्कीया राजाने तट रुंद करायला घेतला, तेव्हा वाटेतली घरं पाडून त्यांचे दगड तटात घालायचं ठरलं. अबीतालचा धाकटा मुलगा पलती त्या वेळी लाखीशच्या गडावर पहाऱ्याला होता. तो येईपर्यंत तरी थांबा, असं तिने मुकादम होशायाला विनवलं. होशाया त्याच गल्लीतला, तिच्या हातची मसुरीची आमटी खाऊन वाढलेला. त्याने मान खाली घातली.

"मावशी, तटच राहिला नाही, तर तो परत येणार कुठे?"

तिला ते पटलं. तिने छपरावर वाळत घातलेला जवस आवरला, जातं तिर्साकडे पोचवलं आणि उंबरठा उचलायला स्वतः हात लावला. दगड आतल्या अंगाला बसव, एवढंच तिने मागितलं.

लाखीश पडलं, पलतीची काहीच खबर आली नाही. यरुशलेम वाचलं. शत्रूने तळ हलवला त्या दिवशी लोक छपरांवर चढून राजाला दुवा देत होते. अबीतालनेही दिला.

पुढे पाणवठ्यावर एका बाईने सहज विषय काढला. ती उत्तरेकडून जीव वाचवून आलेली, तटाजवळ नव्याने राहू लागलेली. डोळ्यासकट अर्ध्या चेहऱ्याला पट्टी बांधलेला एक माणूस कुणा अबीतालचं घर विचारत आला होता म्हणे. बाईला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं, की इथे ती जुनी घरं नाहीत, त्या ओळीतलं कुणी उरलेलं नाही. तो तटासमोर थोडा वेळ उभा राहिला, पाणी प्यायला आणि खोऱ्याच्या वेशीतून निघून गेला.

नाव? विचारलं नव्हतं. वय? पट्टीमुळे कळलं नाही. अबीतालने घागर तिथेच ठेवली आणि वेशीपर्यंत धावत गेली. रस्त्यावर उंट होते, धूळ होती.

त्यानंतर ती दिवसभर तटापाशीच बसू लागली. अनोळखी माणूस दिसला की त्याने विचारायच्या आधी हीच विचारायची, कुणाकडे जायचंय. सगळ्या नव्या वस्तीची घरं तिला पाठ झाली. केस पिकलेला होशाया एकदा समोर येऊन बसला. तिने तटाकडे पाहिलं आणि काम पक्कं झालंय म्हणून सांगितलं.

अबीताल वारली त्या दिवशी सकाळी तिला ताप होता, तरी ती जागेवर होती. हेब्रोनचा एक माणूस बहिणीचं घर शोधत आला. तिने हाताने वाट दाखवली.

"कुंभाराच्या भट्टीपासून वर चढ. नाहीच सापडलं, तर तसाच परस्पर जाऊ नकोस, बाबा. इकडे ये."