जिन्याखालचा डबा

दौंडच्या आमच्या घरात खाली आई, मी आणि बायको. वर दादा, वहिनी आणि त्यांची मुलं. दादा रेल्वेत, मी शिरूरच्या बाजूला एका कारखान्यात. ब्रॉडबँड नवीन आलं तेव्हा दोघांत मिळून एकच कनेक्शन घेतलं. नेट महिन्याला मापून मिळायचं आणि पंधरवड्यातच संपायचं.

म्हणून मी एक डबा जुळवला. कारखान्यानं भंगारात काढलेला कॉम्प्युटर, पुण्याहून आणलेल्या दोन हार्ड डिस्क, दोन नेटवर्क कार्डं. एका कार्डात बाहेरचं नेट यायचं, दुसऱ्यातून दोन्ही मजल्यांना वायरी जायच्या. डिस्कवर घरातले सगळे फोटो होते: लग्नं, जयंतीच्या मिरवणुका, वडील निवृत्त झाले त्या दिवशीचे हार. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं राहावं, अशी सोय केली होती. शिवाय नेटवरून एकदा उतरलेलं चित्र डबा जपून ठेवायचा आणि पुन्हा कुणी मागितलं की स्वतःजवळचंच द्यायचा. जिन्याखाली, गव्हाच्या कोठीशेजारी मी तो बसवला. उन्हाळ्यात तापायला लागला तेव्हा समोर टेबलफॅन लावला.

आई म्हणाली, "त्याला पंखा, आन् आमी हितं पदरानं वारं घेतोय."

त्याच वर्षी पुण्यात फ्लॅट घ्यायचं माझ्या आणि बायकोच्या मनात होतं. घरात बोललो नव्हतो. आईचे गुडघे गेले होते. दादा थोरला आहे, वहिनी समजूतदार आहेत, आईचं ते बघतील, असं मी परस्पर धरून चाललो होतो.

एका रविवारी दुपारी एका बिल्डरचं पान उघडलं. एरवी फोटो पट्टीपट्टीने खाली सरकायचे. हे सगळे एकदम आले: हॉल, ओटा, बाल्कनी. क्षणभर मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. मग खटकलं. हे पान मी किंवा बायकोनं आधी कधीच उघडलं नव्हतं, आणि घरात दुसरा कॉम्प्युटर एकच होता. वरचा.

मी वर गेलो. दादा ड्यूटीवरून येऊन चहात बटर बुडवत होता.

"दादा, फ्लॅट बघतोयस?"

"कुणी सांगितलं?"

"डब्यानं."

"म्हंजी आमी काय बघतो ते तुला खाली दिसतं व्हय? चांगला पोलीस बसवलाय घरात."

"दिसत नाही. मी उघडलेलं पान भरकन आलं. म्हणजे तू ते आधीच उघडलेलं असणार."

"तेच पान?" तो माझ्याकडे बघत राहिला. "आरं, म्हंजी तूबी?"

आत वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही.

"एकच बेडरूम हाय त्यात," दादा म्हणाला. "आईला कुठं ठेवणार हुतास?"

"तू कुठं ठेवणार होतास?"

बटरचा कपात गाळ झाला.

संध्याकाळी दादा स्वतःच आईजवळ जाऊन बसला आणि मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचंय म्हणाला. मी दारात उभा होतो. माझंही सांगायचा तोच क्षण होता, पण मी गप्प राहिलो.

"मग मला इचारून बघायचं की घर," आई म्हणाली. "वर काय चाललंय त्याचा खाली पत्ता न्हाई, आन् म्हणं घरभर वायर टाकलीया! जायाचं तर जावा. मी काय हितनं हलत न्हाई."

दादा पुढच्या वर्षी गेला. मी राहिलो आणि शिरूरची ये-जा चालू ठेवली.

आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गल्लीतले आप्पा अजून चार लोकांत म्हणतात, "धाकट्यानं आई सांभाळली." राहायचं मी ठरवलं नव्हतं, दादा माझ्या आधी बोलला, एवढंच. दर वेळी हे त्यांना सांगायचं ठरवतो. ते सरकून ओट्यावर मला जागा करतात आणि मी बसतो.