धडपडी मुलगी

चार शिक्षक एका टेबलावर डबा खायला बसले की किस्स्यांना तोटा नसतो. आमच्या चंदनसारच्या शाळेतही रोज एक तरी निघतो. पण एकाच मुलीचे इतके साठलेत की आता हसू येत नाही, स्वतःचाच राग येतो.

माझ्या चौथीच्या वर्गातली रिया. धो धो पाऊस असो, ताप असो, रोज हजर! शाळा सुटली तरी विचारणार, "टीचर, आज एक्स्ट्रा क्लास आहे?" सुट्टी जाहीर झाली की सगळा वर्ग बाकं वाजवायचा आणि हिचं तोंड एवढंसं व्हायचं. कित्ती अभ्यासू, म्हणून आम्ही तिला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस दिलं. तिच्या बाबांनी समोर उभं राहून व्हिडिओ काढला!

*

कधी हात खरचटलेला, कधी कपाळाला टेंगूळ. डायरीत आईची ठरलेली ओळ : "मुलगी धडपडी आहे." मला शब्द भलताच आवडला. प्रगतिपुस्तकात मीही शेरा ठोकला, "धडपडी विद्यार्थिनी!" वर अक्षर किती वळणदार काढलं होतं!

*

मार्चच्या उन्हात ही फुल स्वेटर घालून आली. मी म्हटलं, "काय गं, महाबळेश्वरला निघालीस?" वर्ग खो खो हसला. रियाही हसली. स्वेटर काही काढला नाही.

*

शेवंतामावशी आमच्या शाळेतल्या शिपाई, राजोडी गावच्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "टीचर, पोरीची पाठ बगितली काय? पानी प्यायला वाकली तवा दिसली. पडल्यावर गुडघं फुटतं, पाठ नाय!"

बी.एड. मी, आणि अक्कल त्यांना.

*

मग मी शहाणपणा केला. सरळ बाबांनाच बोलावून विचारलं. फार सभ्य माणूस! "बरं झालं सांगितलंत मॅडम, लक्ष ठेवतो." ठेवलं. दुसऱ्या दिवशी रियाला बाकावर बसता येईना. हळूच म्हणाली, "टीचर, आता घरी काही सांगू नका हां."

*

हेडसरांकडे गेले. "मॅडम, त्यांच्या घरची भानगड. उगाच शाळेचं नाव येईल." म्हटलं, आपल्याकडे चाइल्ड हेल्पलाइनचा बोर्ड आहे ना? होता! इन्स्पेक्शनला लावलेला, नंतर ढालींच्या कपाटामागे गेलेला. मी आणि शेवंतामावशींनी कपाट सरकवलं. त्या एकेक आकडा वाचत होत्या, मी फोनवर दाबत होते.

दुपारी हेल्पलाइनची माणसं आली. रियाशी शांतपणे बोलली, तिला डॉक्टरांकडे नेलं. बाबांवर केस झाली. बालकल्याण समितीने रियाला वटार गावी मामाकडे ठेवलं. आता मामा रोज बाइकवरून शाळेत सोडतो.

*

परवा हजेरी घेताना रियाचं नाव पुकारलं, आणि उत्तर नाही! वर्ग तसाच टाकून मामीला फोन लावला.

"अहो टीचर, कळवायचं राहिलंच बघा! बरी आहे ती. सकाळी उठून म्हणाली, मामी, आज घरीच राहू? म्हटलं, राहा की! पांघरूण घेऊन परत झोपलीय. उठवू?"

"नको नको," मी म्हटलं.

वर्गात येऊन हजेरीपटावर गैरहजेरी मांडली. हेडसर दारातून डोकावले.

"अरेरे! हिची शंभर टक्के हजेरी गेली की हो, मॅडम!"

"गेली, सर!"