मावशीच्या बॅकयार्डातला माझा स्वाभिमान

मंडळी, एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. मोहरी तडतडली की माझ्या घरातला स्मोक अलार्म किंचाळतो. जगात एवढे अन्याय चाललेत, त्यावर कुणी ब्र काढत नाही; माझ्या आमटीवर मात्र सायरन!

घर म्हणजे ट्रेलर, चाकांवरची एक खोली. नोकरी गेली, अपार्टमेंट परवडेना, तेव्हा हा सेकंडहँड घेऊन मावशीच्या घरामागे, बॅकयार्डात लावला. काका गेल्यापासून ती एकटीच असते. "घरातच राहा," म्हणाली होती. मी म्हटलं, कशाला तुला त्रास! स्वयंपाकही वेगळा ठेवला. स्वाभिमानी माणूस ना मी!

आज दुपारी फोडणी टाकली, अलार्म बोंबलला आणि दुखऱ्या गुडघ्यांची मावशी अनवाणी धावत आली.

"जिवंत आहेस ना रे?"

"आमटी करत होतो."

"या काडेपेटीत? माझ्याकडे चार बर्नर रिकामे आहेत, मेल्या!"

"तुला त्रास नको म्हणून..."

ती ट्रेलरच्या पायरीवर बसली. "रोज रात्री तुझ्या वाटणीचा भात लावते. वाटतं, आज येशील. टाकवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच खाते. शुगर वाढली, परवा डॉक्टर ओरडले."



'त्रास नको' म्हणत आपल्या माणसांना असं किती छळतो हो आपण?

मी गॅस बंद केला. तिच्यामागून घरात गेलो, फ्रिजमधला कालचा भात काढला आणि तिच्यासमोर बसून जेवलो.