नाव परत येईपर्यंत

टक, टक.

माइकच्या जाळीवर तो नखाने दोनदा वाजवायचा आणि मग गप्प राहायचा. पाच आकडे मोजून व्हावेत एवढाच वेळ. पण तेवढ्यात आमच्या जुन्या शहरातल्या गल्लीत भाकरी थापणारे हात परातीवर थांबत, न्हाव्याचा वस्तरा गालापासून दूर जाई, नळावरचं भांडण अर्ध्या शिवीवर अडे. कोण गेलं ते अजून कुणालाच ठाऊक नसे. तुमच्या गावात मयतीचा पुकारा करणारी रिक्षा फिरत असेल, तर ही शांतता तुमच्याही ओळखीची असणार. त्या वेळात प्रत्येक जण आपल्या घरातली माणसं मोजून घेतो.

मग भोंगा बोलू लागायचा. “कयवन्यास लय दुक्ख होते का...”

इथे माझं डोकं उठायचं.

सांगूनच टाकते. अकोल्यातल्या एका दैनिकात मी सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यातली निम्मी निधनवार्तांच्या पानाची. भातात खडा लागावा तशी मला चूक लागते. नातलगांच्या लग्नपत्रिका लाल शाईने सुधारून परत पाठवणारी ती बाई मीच. कोपऱ्यावरच्या गिरणीवर ‘दळन’ अशी पाटी होती म्हणून मी सहा महिने लांबच्या गिरणीत डबा वाहिला. लोक माझ्याशी बोलताना जपून बोलत, आणि पुढेपुढे तर बोलतच नसत. माझी आई चांदूर बाजारची, ‘मले-तुले’ बोलणारी. ऑफिसातलं कुणी घरी आलं की मी तिला डोळ्यांनी गप्प करत असे. शेवटच्या वर्षांत तिला पाणी हवं असलं तरी ती पेल्याकडे नुसतं बोट दाखवी. मला तेव्हा वाटायचं, वय झालं.

तर हा पुकारेवाला. त्याचं आणि माझं काम खरं तर एकच. गेलेल्या माणसाचं नाव तो भोंग्यातून पोचवायचा, मी कागदावरून. संध्याकाळी तो आमच्या कचेरीत यायचा, खिशातली चिठ्ठी काढून नाव आणि वेळ वाचून दाखवायचा आणि विचारायचा, “बराबर हाये ना, मॅडम?” नावात कधी काना चुकलेला असे, कधी आडनाव. मी सुधारून दिलं की मान डोलवून जायचा. दुसऱ्या दिवशी भोंग्यातून पुन्हा जुनीच चूक.

नाव घेऊन झालं की तो पदरचं एक वाक्य जोडायचा. “थे कापडाच्या दुकानातले, हासून बोलनारे.” “थ्या मावशी, ज्याईच्या हातचं लोनचं साऱ्या गल्लीनं खाल्लं.” मला हे अगदीच गावंढळ वाटे. मयतीच्या पुकाऱ्यात लोणचं कशाला?

त्याच्या काही गोष्टींची भीतीही वाटायची, ते लपवत नाही. जिवंत माणसाचं नाव तो कधीच तोंडातून काढत नसे. भोंग्यातून नाही, नुसत्या तोंडानेही नाही. मला मॅडम, न्हाव्याला भाऊ, सख्ख्या लेकीला माय. एकदा बार्शीटाकळीच्या बाजारात एक आजी हरवली. तिचा मुलगा याच्या रिक्षेशी येऊन रडकुंडीला आला, माझ्या आईचं नाव पुकारा म्हणाला. याने माइक हातात घेतला आणि म्हटलं, “हिरव्या लुगड्याच्या आजी, तुमचं पोरगं पुकाऱ्याच्या रिक्षाजवय उभं हाये.” आजी सापडली. मुलगा मात्र तापला, “नाव काहून नाही घेतलं?”

“जित्त्या मानसाचं नाव माह्या भोंग्यातून निंगत नसते, बावा,” हा म्हणाला. “एकडाव निंगालं का थे वापस नाही घेता येत.” त्या मुलाने आईचा हात धरला आणि मागे न बघता निघून गेला. बायका तर हा जवळ आला की पदर कानावर ओढून घेत.

पुकाऱ्याची शेवटची फेरी मोर्णा नदीच्या पुलावर संपायची. तिथे तो नाव घेऊन माइक बंद करायचा आणि थांबायचा. पलीकडच्या भिंतींवर आपटून ते नाव थोड्या वेळाने परत येई, जरा बारीक आणि ओलसर होऊन. मग तो रिक्षा वळवायचा. मी एकदा तिथून येत होते तेव्हा मला म्हणाला, “आयकलं ना, मॅडम? त्याईनं हो म्हटलं.”

“तो प्रतिध्वनी आहे,” मी म्हटलं.

“असंन,” तो म्हणाला. “पन ‘हो’ आल्याबिगर मी जात नाही.”

निवृत्त झाल्यावर मला घरी काही काम उरलं नाही आणि माझा सगळा राग त्या भोंग्यावर गोळा झाला. एके दिवशी मी रिक्षा अडवली. मृत्यूसारखी गोष्ट, ती तरी शुद्ध बोलावी की नाही? मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, “लिहून द्या, मॅडम. तुमी शिकेल-सवरेल हा.”

मी जाड पुठ्ठ्यावर मजकूर लिहून दिला. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’, मग पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मग अंत्ययात्रेची वेळ. पदरचं वाक्य काढून टाकलं. पंधरा दिवस तो माझ्या ओट्यावर बसून घोकत होता. ‘ळ’ म्हणताना त्याच्या कपाळाला घाम यायचा. प्रत्येक ओळीनंतर, “बराबर हाये ना, मॅडम?” आणि शेवटी एकदा ते खरोखर बरोबर आलं. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता.

त्याच आठवड्यात पुलाच्या तोंडाशी सायकलींत हवा भरणारे बाबा वारले. चाळीस वर्षं त्यांनी अर्ध्या शहराच्या चाकांत हवा भरली होती. सकाळी टक, टक झालं, गल्ली थांबली आणि भोंग्यातून स्वच्छ, घोटीव आवाज आला, “श्री. पुंडलिक संपत वानखडे यांचे निधन झाले आहे.” मी खिडकीत उभी राहून ऐकलं. एकही चूक नव्हती. खाली परातीवरचे हात पुन्हा चालू झाले. मला वाटलं, पूर्वी ते इतक्या लवकर चालू होत नसत.

दुपारी मुद्दाम गेले. बाबांच्या दारात माझ्यासकट सात जण होते, त्यांत तीन बायका आणि एक आजारी शेजारी. तासभर वाट पाहिली. चौथ्या खांद्याला माणूस मिळेना. शेवटी पुकारेवाल्याने रिक्षा कडेला लावली, चप्पल काढली आणि खांदा दिला. चाळीस वर्षं ज्यांनी त्यांच्याकडून हवा भरून घेतली, ते सगळे वाटेत दुकानांच्या पायऱ्यांवर बसले होते. कोणाची मयत म्हणून बघत होते.

दुसऱ्या दिवशी न्हावी मला म्हणाला, “हवावाले बाबा गेले? आमाले कोनं सांगतलंच नाही. भोंगा आयकला, पन वाटलं टॅक्स भराचं सरकारी कायतरी हाये.”

पुलावरही त्या दिवशी नाव परत आलं नव्हतं, असं पुकारेवाला म्हणाला. ट्रकांचा आवाज असेल, मी म्हटलं. पुठ्ठा त्याने पुसून, सरळ करून माझ्या हातात ठेवला. “एकदम शुद्ध हाये, मॅडम. पन त्याईले वयखलं नाही कोनं.” जाताना सांगून गेला की सकाळी पुन्हा पुलावर जाऊन त्याने नुसतं ‘हवावाले बाबा’ म्हटलं होतं आणि ते लगेच परत आलं.

मी चिडले. भाषेचा काय दोष, लोकांना ऐकायला नको, असं बरंच काही बोलले. घरात आल्यावर मात्र बाबांच्या दारातली ती सात माणसं डोळ्यांपुढून हलेनात. मला लाज वाटली. इतकी वर्षं मी चूक पकडली की माणूस पकडल्यासारखं समजत होते, आणि माझ्या एका बिनचूक वाक्याने एक म्हातारा जवळजवळ बेवारशी गेला. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त तेव्हापासून भोंग्यातून नाव आलं की जायला लागले. ओळख असो नसो. सगळ्यांच्या मागे, शेवटपर्यंत उभी राहायचे आणि घरी यायचे. तो कधी त्याबद्दल बोलला नाही. भोंग्यातून पुन्हा ‘कयवन्यास’ येऊ लागलं होतं आणि दारात माणसं मावत नव्हती.

मग त्याच्या गळ्याने दगा दिला. तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुसरं काय. नागपूरला ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पुकारा लेक करू लागली, ई-रिक्षाही तीच चालवायची. हा मागे बसून फक्त माइकवर दोनदा नख वाजवायचा. रस्त्यात मी दिसले की भुवया उंचावून बघायचा. बराबर हाये ना?

गेल्या वैशाखातली गोष्ट. सकाळी नऊचा सुमार. टक, टक. गल्ली थांबली. मी पोळपाट बाजूला सारला. पाच मोजले, दहा मोजले. नाव आलंच नाही. भोंगा नुसता घरघरत होता. रिक्षा हळूहळू पुढे सरकत होती, मागची सीट रिकामी होती, लेकीच्या तोंडापाशी माइक होता आणि तिचे ओठ हलत नव्हते. कुणी कुणाला विचारलं नाही. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठलं. दुपारी पुलापासून त्याच्या घरापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती.

तेरवी झाल्यावर लेक माझ्याकडे आली. दारातच म्हणाली, “चुकलं तं माफ करा मॅडम, मले शुद्ध नाही येत.” मी तिला आत घेतलं. तिने मोबाइल काढला. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस भोंगा बंद करून, रिक्षेचे पडदे पाडून तो मोबाइलपुढे एकटाच बोलत बसला होता. अकरा जणांची नावं भरून ठेवली होती. सगळी जिवंत माणसांची.

“तो तर घेत नसे अशी नावं,” मी म्हटलं.

“ज्याईच्या मांगं सांगनारं कोनी नाही, त्याईचीच घेतली,” ती म्हणाली. “अकरातले तीन लावा लागले आतालोक. तुमचं हाये त्याच्यात. आयकता का?”

नाही म्हणावंसं वाटलं. तिने लावलं.

टक, टक. मग ती शांतता. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून मी माणसं मोजली. एक झाली.

“कयवन्यास लय दुक्ख होते का...” आणि माझं नाव आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून. त्यात दोन चुका होत्या. “थ्या चुका काढनाऱ्या मॅडम. रागे लय भरे, पन कोनी बी गेलं तं शेवटलोक मांगं उभ्या राहे. आता त्याईच्या मांगं उभं राहाले समद्यांनी या.”

मग काही नाही. पुलावर थांबायचा तेवढा वेळ. लेक बंद करायला गेली तेवढ्यात तो खाकरला आणि अगदी हळू म्हणाला, “बराबर हाये ना, मॅडम?”

“हे मांगचं काटून टाकू का?” तिने विचारलं. “लावलं तं लोक घाबरतीन.”

मी नको म्हटलं. फोन अजून चालू होता, आत बारीक खरखर येत होती. ‘हो’ आल्याशिवाय तो जात नसे, हे मला माहीत होतं.

“बराबर हाये, भाऊ,” मी म्हटलं. आवाज थेट माझ्या आईचा निघाला.