थरथरणारा मॉनिटर

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती, तरी लातुरात कुणी खुर्ची सरकवली की चार माणसं दाराकडं बघायची. अशा गावात मी एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो. एका सकाळी आमच्या नव्याकोऱ्या मॉनिटरवरचं चित्र गदगदा हललं आणि मी ओरडलो, "पळा!"

वीस पोरं अनवाणी बाहेर. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालायची बंदी होती आणि अंगणात सराटे होते. सगळे एका पायावर नाचत राहिले. जमीन तेवढी जागची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून एकही पोरगं चपला काढेना आणि क्लासचे मालक चपला घालून कुणाला आत सोडेनात. वर्ग रिकामा. मालक म्हणाले, "सर, सोमवारपर्यंत मॉनिटर बदलून आणा, न्हाईतर तुमी बी येऊ नका."

मॉनिटर गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन मी नांदेड गाठलं. दुकानदार चाचांनी बिल उलटं करून दाखवलं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

मी ग्राहक कायद्याचं कात्रण पाठ करूनच गेलो होतो. "चाचा, हे छापलं म्हणून बिघडलेला माल गळ्यात मारता येत न्हाई. वॉरंटी हाय. बदलून द्या, न्हाई तर पैसे परत द्या, न्हाई तर मी ग्राहक मंचात जातो."

"जा ना मास्तर. पण बिघडलंय कुठं?" त्यांनी मॉनिटर लावला. चित्र गप्प. चहा आला. चित्र गप्पच. "लातूरवाल्याला पंखा फिरला तरी भूकंप वाटतो," चाचा म्हणाले. त्या मॉनिटरच्या एक थोबाडीत द्यावी, इतका मला राग आला.

दुसरा चहा अर्ध्यावर असताना तापलेल्या मॉनिटरवरचं चित्र गदगदलं. सगळं माहीत असूनही मी ओरडलो, "पळा!" मी रस्त्यावर पोचलो तर चाचा आधीच तिथं, अनवाणी, हातात बशी.

समोरच्या पानवाल्यानं विचारलं, "क्या हुआ चाचा?"

"कुछ नै. मास्तरला मॉनिटर बदलून देऊन राह्यलो."

नव्या मॉनिटरवरचं चित्र जराही हललं नाही. तरी पोरांनी दोन दिवस दारातूनच पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाहेर वीस जोड चपला दिसल्या आणि माझे डोळे भरून आले.

माझ्या मात्र पायातच होत्या. मालक रागानं माझ्या पायांकडं बघायला लागले, म्हणून मीही त्यांच्या पायांकडं बघितलं. त्यांच्याही पायातच होत्या.